लॅन कार्ड मधूनच गायब होतंय, खरंच मदरबोर्ड गेला का?

अबोली_कराड – २८ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. कऱ्हाडजवळच्या एका गावात आमचं आपले सरकार सेवा केंद्र आहे, बाबा चालवतात आणि कॉलेजला सुट्टी असली की मी बसते. आता ॲडमिशनचे दिवस, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, सकाळी आठपासून पोरं आणि त्यांचे आईवडील दारात उभे असतात, आणि नेमकं आत्ताच कॉम्प्युटरचं नेट दर दहा-पंधरा मिनिटांनी जायला लागलंय.

होतं असं की खाली कोपऱ्यात लाल फुली येते, 'नेटवर्क केबल अनप्लग्ड' म्हणतं, वायर तर जागेवरच असते. मग आपोआप येतं, परत जातं. डायलर (युजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडायची खिडकी) लावला की एरर ६५१. आणि परवापासून नवीनच सुरू झालंय, डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) उघडलं तर लॅन कार्ड, म्हणजे नेटची वायर जिथे लागते तो भाग, तिथे दिसतच नाही. रीस्टार्ट केलं तरी येत नाही. सकाळी मात्र केंद्र उघडल्यावर तासभर बरं चालतं!

डेस्कटॉप आहे, सात-आठ वर्षं जुना, विंडोज १०, लॅन मदरबोर्डवरचंच. राउटर नाही, केबलवाल्याची वायर गच्चीवरून येते ती थेट सीपीयूला. मी ड्रायव्हर काढून परत टाकला, नेटवर्क रीसेट केलं, ट्रबलशूटर चालवला. दुकानात नेलं तर ते म्हणाले मदरबोर्ड गेला, साडेसहा हजार. बाबा द्यायला तयार आहेत पण मला खात्री करून घ्यायची आहे. सध्या मोबाईलचं नेट यूएसबीने लावून चालवतेय पण आमच्याकडे रेंज फार कमी, फाइल अपलोड होता होता तुटते आणि माणसं ताटकळतात.

केबल, ड्रायव्हर की कार्ड, कसं ओळखायचं?

पावशेर – २८ मे, रात्री १०:३१

विंडोज नव्याने टाका, माझं असंच होत होतं, गेलं.

क्रिंपर – २८ मे, रात्री १०:५०

अहो पावशेर, केंद्राचा कॉम्प्युटर आहे तो, त्यात सगळी सॉफ्टवेअरं, डीएससीची (डिजिटल सहीची) टोकनं, प्रिंटर-स्कॅनर. आज विंडोज उडवलं तर परत बसवायला दोन दिवस, आणि दारात माणसं. सगळ्यात शेवटी करायचं काम सगळ्यात आधी सांगू नका राव.

ताई, मी कोल्हापुरात वायरिंगचंच काम करतो. आधी एवढं बघा. सीपीयूच्या मागं जिथं वायर घुसते तिथं दोन बारके दिवे असतात. नेट गेलं की ते दिवे विझत्यात का लागलेलेच राहत्यात? आणि नेट चालू असताना लॅनच्या स्टेटसमध्ये स्पीड किती दाखवतंय, १०० का १०?

टिंबटिंब – २८ मे, रात्री ११:०५

कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग मारून बघ. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर कार्डला समोरून कोणी आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देत नाहीये, म्हणजे कार्ड किंवा केबल. नंतर पिंग १२७.०.०.१ (त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघायची कमांड) करून बघ, उत्तर आलं तर कार्ड ठणठणीत आहे.

बर्लिनकर – २९ मे, पहाटे २:२०

टिंबटिंब, दोन्ही मुद्द्यांवर थोडं थांबवतो.

१२७.०.०.१ हा कॉम्प्युटरने स्वतःशीच बोलायचा पत्ता. तो पिंग कार्डापर्यंत जातच नाही, आतल्या आत फिरून येतो. कार्ड काढून कपाटात ठेवलंत तरी उत्तर येईल. त्यावरून विंडोजमधला नेटवर्कचा भाग शाबूत आहे एवढंच कळतं.

आणि १६९.२५४ चं म्हणाल तर ज्यांच्याकडे राउटर आहे त्यांच्यासाठी तुमचं बरोबर. डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून) पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच असा एक पत्ता घेऊन बसतं. पण अबोलीकडे डायलर आहे, म्हणजे पीपीपीओई, युजरनेम-पासवर्ड देऊन नेट जोडायची पद्धत. तिथे लॅन कार्डाला आयपीची गरजच नसते, आयपी मिळतो तो डायलर जोडला गेल्यावर, त्या वेगळ्या जोडणीला. त्यामुळे नेट उत्तम चालू असतानाही तिच्या लॅन कार्डावर १६९.२५४ दिसू शकतो. ते बघून घाबरायचं नाही.

टिंबटिंब – २९ मे, सकाळी ८:१५

मान्य, डायलरचं लक्षातच आलं नाही. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सगळीकडे राउटर, डायलर शेवटचा कधी बघितला आठवत नाही.

अबोली_कराड – २९ मे, सकाळी ९:०२

सगळ्यांना धन्यवाद, घाईत लिहितेय. दिवे बघितले. नेट गेलं की दोन्ही विझतात. चालू असताना स्पीड १० एमबीपीएस दाखवतंय! आधी १०० असायचा हे मला पक्कं आठवतंय कारण आमचा प्लॅनच ४० चा आहे.

क्रिंपर – २९ मे, सकाळी ९:२०

हां, हे कामाचं बोललात. दिवा विझतोय म्हंजे भानगड डायलरची, पासवर्डाची, विंडोजच्या सेटिंगची कमी आणि वायर नाहीतर पोर्टाची जास्त. आणि १०० वरून १० वर उतरलंय म्हंजे दोन्हीकडची यंत्रं एकमेकांशी बोलायला बघतात, मोठ्या वेगानं जमंना म्हणून खाली येतात. आता वायर का पोर्ट एवढंच वेगळं करायचं राहिलं. घरात लॅपटॉप असंल तर हीच वायर त्याला लावा.

एक सांगून ठेवतो. कनेक्टर बदलला असंल एवढ्यात कोणी तर आतला वायरींचा क्रम बघा. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नवीन पोरं रंगाच्या जोड्या ओळीनं लावत जातात, दिसायला सुंदर दिसतंय पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनला एकाच जोडीतल्या दोन वायरी पाहिजेत. त्या वेगळ्या जोड्यांतल्या पडल्या की पिळाचा उपयोग जातो आणि एका वायरीचा सिग्नल दुसरीत शिरतो. साध्या टेस्टरवर आठी दिवे लागतात, सगळं ओके दिसतंय, आणि लांब वायरीवर लिंक सारखी उडती. अशा एका शाळेत मी तीन दिवस डोकं फोडलंय.

माऊ – २९ मे, सकाळी ११:४०

आमच्याकडे उंदराने वायर कुरतडली होती कपाटामागे. वरून काही दिसत नव्हतं, आतली एकच तार तुटलेली. तेही बघ गं.

सुरंगी – २९ मे, दुपारी १:१५

अबोली, मी रत्नागिरीत शाळेत शिकवते, कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे आहे. कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून पूर्ण नाहीसं होतं म्हणालीस ना, त्यावर एक उपाय करून बघ, आमच्या लॅबमधल्या दोन मशीनवर चालला होता. कॉम्प्युटर शट डाउन कर. मग मागची पॉवरची वायर काढ, लॅनची वायरही काढ. आता वायर काढलेल्या अवस्थेत पुढचं पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर. पाच-दहा मिनिटं तसंच राहू दे, मग परत लाव.

रीस्टार्टने हे होत नाही कारण कॉम्प्युटर बंद दिसला तरी एसएमपीएसकडून (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) बोर्डाला ५ व्होल्टचा एक प्रवाह चालूच असतो, नेटवर्कवरून मशीन जागं करता यावं म्हणून लॅनच्या चिपलाही तो मिळतो. चिप एकदा अडकली की ती तशीच अडकून बसते, कितीही रीस्टार्ट करा. वायर काढून बटण दाबलं की उरलासुरला चार्ज निघून जातो.

बर्लिनकर – २९ मे, दुपारी ३:३०

सुरंगीताईंना +१. आणि विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन हेसुद्धा अर्धवट असतं, ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन ते बंद करा. लॅन कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब आहे, वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायला परवानगी द्यायची का अशी टिक असते, ती काढा. ॲडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट किंवा ग्रीन इथरनेट दिसलं तर तेही डिसेबल करून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि यातलं काहीही नंतर परत फिरवता येतं.

जुनाजाणता – २९ मे, संध्याकाळी ६:१०

धागा वाचून जुने दिवस आठवले म्हणून थोडं विषयांतर करतो, माफ करा.

नव्वदच्या दशकात मी एका पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये होतो. तेव्हा लॅनची वायर म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी जाड काळी कोॲक्स. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी एकच माळ, प्रत्येक कार्डाला टी आकाराचा कनेक्टर आणि माळेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. एक पूर्ण माळ १८५ मीटरपर्यंत चालायची. आणि एका पोराने बाकाखाली पाय लांब करताना एक टी हलवला की पूर्ण लॅब बंद! मग मी आणि शिपाई टॉर्च घेऊन टेबलाखाली रांगत एकेक सांधा दाबून बघायचो.

शोधायची पद्धत मात्र तेव्हा शिकलो ती आजही चालते. माळ मधोमध तोडायची, तिथे टर्मिनेटर लावायचा, एक अर्धा चालतो का बघायचं. चालला तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. मग त्याचे दोन भाग. वीस कॉम्प्युटर असले तरी चार-पाच वेळा तोडलं की दोष सापडायचाच. बाळ अबोली, तूही तेच कर. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि काय बदललं ते वहीत लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

पावशेर – २९ मे, संध्याकाळी ६:४४

काका, एका माणसाचा पाय हलला की सगळी लॅब बंद, म्हणजे सर परीक्षा घ्यायला आले की पोरं मुद्दाम पाय हलवत असतील!

जुनाजाणता – २९ मे, संध्याकाळी ७:२०

हलवायची. मागच्या बाकावरची तर हमखास.

अबोली_कराड – ३० मे, दुपारी २:२५

सुरंगीताई, तुमच्या उपायाने कार्ड परत आलं! बाबा इतके खूश झाले की त्यांनी लगेच दोन दाखल्यांचे अर्ज भरून टाकले. पण चाळीस मिनिटांनी परत लाल फुली. वीज वाचवायच्या टिका, ग्रीन इथरनेट, फास्ट स्टार्टअप सगळं बंद केलंय आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे वहीत लिहिलंय.

मग क्रिंपरदादांनी सांगितलं तसं मैत्रिणीचा लॅपटॉप आणून तीच वायर लावली. त्यात डायलर बनवला, आमचाच युजरनेम-पासवर्ड टाकला, तर कनेक्टच होत नाही. एरर येतो. म्हणजे वायरच खराब ना? केबलवाल्याला वायर बदलायला सांगू का?

टिंबटिंब – ३० मे, दुपारी २:४०

हो, लॅपटॉपवरही चालत नाही म्हणजे वायर.

बर्लिनकर – ३० मे, दुपारी २:५८

थांबा थांबा. अबोली, लॅपटॉपवर कुठला एरर आला? तोच ६५१ की दुसरा?

अबोली_कराड – ३० मे, दुपारी ३:१०

दुसरा. ६९१. आणि लॅपटॉपवर स्पीड १०० दाखवत होतं.

बर्लिनकर – ३० मे, दुपारी ३:४१

मग वायर चांगली आहे! ६९१ ही आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली बातमी आहे.

६५१ म्हणजे डायलरने हाक मारली आणि पलीकडून काहीच आलं नाही, कार्ड बंद, लिंक तुटलेली असं काहीतरी. ६९१ म्हणजे पलीकडच्या सर्व्हरने हाक ऐकली, युजरनेम तपासला आणि 'तुम्हाला प्रवेश नाही' असं उत्तर दिलं. ते उत्तर त्याच वायरीतून लॅपटॉपपर्यंत आलं ना! जाताना, येताना दोन्हीकडून वायर नीट चालली. वर लिंकही १०० वर.

आता पासवर्ड बरोबर असताना ६९१ का? बहुतेक तुमच्या केबलवाल्याने तुमचं खातं तुमच्या कॉम्प्युटरच्या मॅक ॲड्रेसला बांधून ठेवलंय. प्रत्येक लॅन कार्डाला कारखान्यातून एक क्रमांक मिळतो, बारा अक्षरांचा, त्यातली पहिली सहा कार्ड बनवणाऱ्या कंपनीची. लॅपटॉपचा क्रमांक वेगळा पडला म्हणून सर्व्हरने ओळखलं नाही.

क्रिंपर – ३० मे, दुपारी ४:०५

शंभर टक्के. आमच्याकडं निम्म्या गिऱ्हाइकांना मॅक बांधलेलाच असतोय, शेजाऱ्यानं पासवर्ड वापरू नये म्हणून. लॅपटॉपवर नेट चालतंय का ते बघायचंच न्हाई, दिवा टिकतोय का तेवढं बघायचं. लॅपटॉप दोन तास तसाच जोडून ठिवा. दिवा एकदाही विझला न्हाई तर वायर सुटली यातनं, दोष तुमच्या पोर्टात.

वऱ्हाडी_ठेचा – ३० मे, संध्याकाळी ७:३०

अकोल्यावरून लिहून राहिलो. इलेक्ट्रिकलचा माणूस आहो, कॉम्प्युटरचं तुमच्याएवढं समजत नाही, पण एक प्रश्न पडला. हे सुरू व्हायच्या आधी तुमच्याकडं वीज कडाडली होती का?

अबोली_कराड – ३० मे, रात्री ८:१८

अरे देवा. हो! २४ तारखेला संध्याकाळी वळीव झाला, गावाबाहेर नारळाच्या झाडावर वीज पडली म्हणत होते. त्या रात्री आमचा वायफायचा एक जुना डबाही गेला. आणि नेटचा त्रास २५ पासून. मी दोन्ही गोष्टी जोडल्याच नव्हत्या, कारण बाबांनी पाऊस यायच्या आधीच कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवला होता. प्लग काढलेला असताना वीज कशी शिरेल?

वऱ्हाडी_ठेचा – ३० मे, रात्री ९:०२

प्लग काढला, पण लॅनची वायर काढली होती का? नसंल काढली. इथंच सगळे फसतात.

तुमची वायर गच्चीवरून येते, म्हणजे खांबावरून, शेजाऱ्याच्या छतावरून, शे-पन्नास मीटर तांबं उघड्यावर. वीज त्या वायरीवर पडाचीही गरज नाही, जवळ कुठं पडली तरी तेवढ्या लांब तारेत दाब उभा होते. लॅनच्या पोर्टात बारके ट्रान्सफॉर्मर असतात, ते बाहेरच्या वायरीले आतल्या चिपपासून वेगळं ठेवतात, त्याची सहनशक्ती १५०० व्होल्टची. घरातल्या उलाढालीसाठी ते भरपूर. विजेपुढं काहीच नाही. चिप पूर्ण जळली तर निदान समजते तरी, अर्धवट भाजली तर असंच होते, थंड असली की चालते, गरम झाली की सोडते. तुम्ही सकाळी तासभर चालते म्हणलं तेव्हाच मले शंका आली होती.

दुसरं, सीपीयूच्या पत्र्याले हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर घराचं अर्थिंग नाही. तीन पिनच्या प्लगमधली जाड पिन नावापुरती राहते. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या फिल्टरमुळं पत्र्यावर शंभरच्या आसपास व्होल्ट बसून राहतात, करंट बारीक असते म्हणून नुसतं मुंगी चावल्यासारखं वाटते. अर्थिंगचा खड्डा असंल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग बसते नुसतं नावाले. मीठ-कोळसा टाकून किती वर्षं झाली तेही पहा.

सुरंगी – ३० मे, रात्री ९:४०

आमच्या लॅबमध्ये दर जूनला एक-दोन पोर्ट जायचेच. आता नियम करून टाकलाय, ढग दिसले की शिपाईमामा आधी लॅनच्या वायरी काढतात, मग प्लग. तेव्हापासून एकही गेलं नाही. कोकणात याच्या जोडीला खारी हवा आहे, पिना हिरव्या पडतात, त्याचं वेगळंच दुखणं.

माऊ – ३० मे, रात्री १०:०१

हे कुणी सांगितलंच नव्हतं कधी. मी पण टीव्ही, फ्रीज, कॉम्प्युटर सगळ्यांचे प्लग काढते आणि नेटची वायर तशीच! उद्यापासून काढणार.

अबोली_कराड – १ जून, रात्री ९:३०

तपासाचा अहवाल, वहीतून उतरवतेय.

लॅपटॉप वायरीला अडीच तास जोडून ठेवला, दिवा एकदाही विझला नाही, स्पीड १०० वरच.
आमच्या कॉम्प्युटरला केबलवाल्याच्या वायरीऐवजी मैत्रिणीकडची दोन मीटरची वायर लावून दुसरं टोक लॅपटॉपला लावलं. पंचवीस मिनिटांत लिंक तुटली.
चुलतभावाने पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) करून दिलं, इन्स्टॉल न करता नुसतं त्यावरून चालू केलं. तिथेही लिंक तुटली आणि थोड्या वेळाने कार्डच दिसेना.
पत्र्याला झिणझिण्या येतात. बाबा म्हणाले मला वाटायचं सगळ्यांच्याच येतात.

बर्लिनकर – १ जून, रात्री १०:१५

किती नीट काम केलंय! निकाल स्पष्ट आहे. दुसऱ्या वायरीवरही तेच, म्हणजे वायर नाही. विंडोज नसतानाही तेच, म्हणजे ड्रायव्हर नाही, विंडोज नाही. उरलं पोर्ट आणि त्यामागची चिप.

आता मूळ प्रश्न, मदरबोर्ड गेला का. दुकानदार खोटं बोलले असं मी म्हणणार नाही, लॅनची चिप मदरबोर्डवरच झाळलेली असते, त्या अर्थी दोष बोर्डातच आहे. पण म्हणून अख्खा बोर्ड बदलायची गरज नाही. बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा आखूड स्लॉट रिकामा असेल तर वेगळं लॅन कार्ड घ्या, हजाराच्या आत येतं. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाची पट्टी आखूड मिळते का विचारून घ्या. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन ऑनबोर्ड लॅन डिसेबल करून टाका, म्हणजे ती अर्धमेली चिप मध्ये मध्ये उठून गोंधळ घालणार नाही.

टिंबटिंब – १ जून, रात्री १०:३०

यूएसबीचं लॅन अडॅप्टर घ्या की, कॅबिनेट उघडायलाच नको. लॅपटॉपलाही चालतं.

क्रिंपर – १ जून, रात्री १०:५२

केंद्रावर दिवसभर चालवायचं असंल तर आतलंच कार्ड बरं. यूएसबीवालं कोणाचा धक्का लागून सैल होतंय, प्रिंटरची वायर काढताना तेच निघतंय. घाईच असंल तर तात्पुरतं चालंल, त्याला ना न्हाई.

आणि कार्ड बसवताना वीज पूर्ण काढा, आधी उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला चार्ज घालवा, कार्ड कडेनं धरा, सोनेरी पट्टीला बोट लावू नका. स्क्रू मारायचाच, न्हाईतर वायर ओढली की कार्ड तिरकं होतंय.

जुनाजाणता – २ जून, सकाळी ७:१०

मला दुकानदाराबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. गावात दिवसाला दहा मशीन येतात, प्रत्येकाला अडीच तास दिवा बघत बसायला त्याला परवडत नाही. बोर्ड बदलला की काम नक्की होतं हे त्याला माहीत असतं. पण साडेसहा हजार म्हणजे केंद्राची किती दाखल्यांची कमाई, हा हिशोब गिऱ्हाइकालाच करावा लागतो. मुलीने तो केला याचं मला फार कौतुक वाटलं.

पावशेर – २ जून, सकाळी ९:३०

एक शंका. नवीन कार्ड लावलं की मॅक नवीन, मग परत ६९१ येणार ना?

बर्लिनकर – २ जून, दुपारी १२:४०

अगदी बरोबर पकडलंत. येणार.

टिंबटिंब – २ जून, दुपारी १२:५५

त्यावर उपाय आहे. नव्या कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये नेटवर्क ॲड्रेस असं असतं, तिथे जुन्या कार्डाचा मॅक टाइप केला की सर्व्हरला जुनंच कार्ड वाटतं.

क्रिंपर – २ जून, दुपारी १:३०

होतंय तसं, पण करू नका. पुढं विंडोज बदललं किंवा ड्रायव्हर नवा पडला की ते सेटिंग उडतंय आणि तवा कोणाच्या लक्षातच येत न्हाई का बंद पडलं. त्यापेक्षा केबलवाल्याला फोन करा, कार्ड बदललंय, मॅक बदलून द्या म्हणा. त्याच्याकडनं दोन मिनिटांचं काम आहे आणि नोंद पण खरी राहती.

अबोली_कराड – ४ जून, रात्री ९:४८

झालं!!!

कार्ड ६५० रुपयांना मिळालं. बाबांनी टॉर्च धरला, मी बसवलं. पहिल्यांदा स्लॉटमध्ये जाईचना, मागची पत्र्याची पट्टी तोडायची राहिली होती. चालू केल्यावर दिवे लागले, स्पीड १००, डायलर लावला आणि पावशेर म्हणाले होते तसा ६९१ आला. आधी ठाऊक नसतं तर मी रडलेच असते, पण मी आणि बाबा हसायला लागलो! केबलवाल्याला फोन केला, त्याने मॅक विचारला, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमध्ये फिजिकल ॲड्रेस दिसतो तो वाचून दाखवला. पाच मिनिटांत चालू. आज सकाळपासून एकदाही गेलं नाही, राहिलेले सगळे अर्ज संध्याकाळपर्यंत गेले, त्यात एका मुलीची उद्याच शेवटची तारीख होती.

अर्थिंगला परवा वायरमन येणार आहे. फायबर मिळेल का तेही विचारलं, काच असल्याने त्यातून वीज येत नाही असं चुलतभाऊ म्हणतो, बरोबर आहे ना?

वऱ्हाडी_ठेचा – ४ जून, रात्री १०:२०

काचेतून नाही येत, पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर प्लगात असते आणि डब्यातून कॉम्प्युटरपर्यंत वायर तांब्याचीच. बाहेरची लांब वायर गेली म्हणजे धोका भरपूर कमी झाला, संपला नाही. ढग आले की अडॅप्टर आणि लॅन, दोन्ही काढाचे. अर्थिंग झालं की पत्र्याले हात लावून पहा आणि इथं सांगा.

सुरंगी – ४ जून, रात्री १०:३५

अभिनंदन अबोली! आमच्या मुलांना हा धागा वाचून दाखवणार आहे, विशेषतः ६५१ आणि ६९१ चा भाग.

माऊ – ७ जून, संध्याकाळी ५:५०

काय गं, अर्थिंग झालं का? आमच्याकडे साताऱ्यात आत्ता जोरात गडगडतंय.

अबोली_कराड – ७ जून, संध्याकाळी ५:५८

झालं काल, झिणझिण्या गेल्या. इकडेही काळं करून आलंय, मोबाईलवरून लिहितेय. बाबांनी आधी लॅनची वायर काढली, मग प्लग.